विश्लेषण : दिवसा हवीशी वाटणारी गडद काच रात्री किती धोक्याची? हेल्मेटचा व्हायझर कसा निवडावा?

ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की सांगली, कोल्हापूर, सातारा पट्ट्यातल्या रस्त्यांवर अंधार पडल्यानंतरही ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची ये-जा सुरू असते. काही ट्रॉल्यांना मागचा दिवा नसतो, काहींचा रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला असतो. गेल्या हंगामात रात्रपाळी संपवून दुचाकीवरून घरी येताना अशीच एक ट्रॉली मला फारच उशिरा दिसली. गाडी साइडपट्टीवर घातली म्हणून वाचलो. हेल्मेट आयएसआय मार्कचे होते, हेडलाइट सुरू होता, ब्रेकही ठीक होते. चूक डोळ्यांसमोरच होती. दिवसभर उन्हासाठी लावलेली काळी काच रात्रीही तशीच होती.

हेल्मेट घेताना आपण आकार, वजन, रंग पाहतो. व्हायझर, म्हणजे बोलीभाषेत हेल्मेटची काच, मात्र अनेकदा ‘स्मोक चांगली दिसते’ एवढ्यावर ठरते. त्यामागचे गणित समजून घेऊ या.

काचेतून नेमका किती प्रकाश आत येतो?

व्हायझरला आपण काच म्हणतो, पण ती सहसा पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकची असते. पूर्ण पारदर्शक व्हायझरसुद्धा सगळा प्रकाश आत सोडत नाही. बाहेरच्या आणि आतल्या अशा दोन्ही पृष्ठभागांवरून थोडा थोडा प्रकाश परावर्तित होतो. त्यामुळे स्वच्छ, नव्या पारदर्शक काचेतून साधारण ८८ ते ९० टक्के प्रकाश डोळ्यांपर्यंत पोहोचतो.

हे घरीही तपासता येते. मोबाइलवर प्रकाश मोजणारे लक्स मीटर अॅप घ्या, स्थिर दिव्याखाली आकडा पाहा आणि मग सेन्सरवर व्हायझर धरून पुन्हा पाहा. माझ्या टेबलावर काचेशिवाय ४०० लक्स आले. नव्या पारदर्शक काचेखाली ३५२, तर काळ्या काचेखाली फक्त ९२. म्हणजे अनुक्रमे ८८ आणि २३ टक्के. मोबाइलचा सेन्सर प्रयोगशाळेइतका अचूक नसतो, पण दोन काचांची तुलना करायला तो पुरतो.

युरोपात वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या ईसीई २२.०५ या मानकात ८० टक्क्यांपेक्षा कमी प्रकाश आत सोडणाऱ्या व्हायझरवर ‘फक्त दिवसा वापरासाठी’ अशी खूण असणे आवश्यक होते आणि तिथेही किमान ५० टक्के प्रकाश आत येणे गरजेचे होते. बाजारात मिळणाऱ्या अनेक काळ्या काचा या मर्यादेच्या खूप खाली असतात.

दिवसा त्रास नाही, मग रात्रीच का?

भर दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे १ लाख लक्स प्रकाश असतो. त्यातला तीन चतुर्थांश अडवला तरी २५ हजार लक्स उरतात. डोळ्यांना एवढा प्रकाश भरपूर झाला. म्हणून दिवसा काळी काच आरामदायक वाटते. चकाकी कमी होते आणि डोळे बारीक करावे लागत नाहीत.

रात्री पथदिव्यांच्या रस्त्यावर १० ते ३० लक्सच्या आसपास प्रकाश असतो. दिवे नसलेल्या रस्त्यावर सगळी भिस्त हेडलाइटवर. तिथे बाहुली आधीच पूर्ण विस्फारलेली असते. काचेने अडवलेला प्रकाश भरून काढायला डोळ्यांकडे काही शिल्लक राहत नाही. वय वाढते तशी अंधारात बाहुली कमी विस्फारते. त्यामुळे पन्नाशीतल्या चालकाला विशीतल्या चालकापेक्षा हा फटका जास्त बसतो.

फरक किती मीटरचा?

हेडलाइटचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. म्हणजे अंतर दुप्पट झाले की वस्तूवर पडणारा प्रकाश एक चतुर्थांश. त्यामुळे ट्रॉलीसारखी मोठी वस्तू किती अंतरावरून दिसेल, हे ढोबळमानाने काचेतून येणाऱ्या प्रकाशाच्या वर्गमुळावर अवलंबून असते.

समजा, ८८ टक्क्यांच्या पारदर्शक काचेतून दिवा नसलेली ट्रॉली ६० मीटरवरून दिसते. तीच ट्रॉली ५० टक्क्यांच्या काचेतून सुमारे ४५ मीटरवर आणि २३ टक्क्यांच्या काचेतून सुमारे ३१ मीटरवर आल्यावर दिसेल.

आता गाडी थांबायला किती अंतर लागते ते पाहू. ताशी ६० किमी वेगात दुचाकी एका सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. धोका लक्षात येऊन ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला तर २५ मीटर संपले. कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक लावले तरी पुढे आणखी सुमारे २३ मीटर लागतात. एकूण ४८ मीटर.

म्हणजे पारदर्शक काचेने गाडी थांबते. ५० टक्क्यांच्या काचेने तीन मीटर कमी पडतात. काळ्या काचेने ट्रॉली दिसते तेव्हा थांबण्याची संधी गेलेली असते. रस्ता ओला असेल तर हा हिशेब आणखी बिघडतो.

पिवळी, चमकती आणि रंग बदलणारी काच कशी?

पिवळी : ‘नाइट व्हिजन’ म्हणून खपवली जाते. पिवळ्या रंगामुळे दृश्य उजळ झाल्यासारखे वाटते, पण प्रत्यक्षात काच थोडा प्रकाश अडवतेच. २०१९ मध्ये ‘जामा ऑफ्थॅल्मॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सिम्युलेटरवर पिवळ्या चष्म्यांची चाचणी घेण्यात आली. रात्री पादचारी ओळखण्यात या चष्म्यांमुळे सुधारणा दिसली नाही. तो अभ्यास चष्म्यांचा होता, पण प्रकाश गाळण्याचे तत्त्व तेच आहे.

मर्क्युरी किंवा रेनबो : आरशासारखा थर बराचसा प्रकाश बाहेरच परतवतो. आतला रंग फिका वाटला तरी ही काच दिवसाचीच समजावी.

फोटोक्रोमिक : अतिनील किरणे पडली की गडद आणि ती थांबली की फिकट होते. एकच काच दिवस-रात्र चालते, ही मोठी सोय. मात्र ती झटकन गडद होते, त्या मानाने फिकट व्हायला वेळ घेते. खंबाटकी किंवा कशेडीच्या बोगद्यात भर उन्हातून शिरताना हे जाणवते. थंडीत हा वेळ आणखी वाढतो.

आतला सन-व्हायझर : बाहेरची काच पारदर्शक आणि आत खालीवर होणारी छोटी गडद काच. बोगदा आला किंवा दिवस मावळला की एका हाताने वर करता येते. रोज सकाळी जाऊन रात्री परतणाऱ्यांसाठी हा व्यवहार्य पर्याय आहे.

चष्मा वापरणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पॉलिकार्बोनेट बहुतांश अतिनील किरणे अडवते. त्यामुळे उन्हात रंग बदलणारा चष्मा व्हायझरच्या आत फारसा गडद होत नाही. पोलराइज्ड गॉगल घातला तर व्हायझरमध्ये इंद्रधनुषी पट्टे दिसू शकतात आणि काही गाड्यांचा डिजिटल मीटर काळा दिसतो.

काच पारदर्शक आहे, तरी समोरचे दिवे का फुटतात?

याचे उत्तर ओरखड्यांत आहे. तीन वर्षे वापरलेली माझी जुनी पारदर्शक काच लक्स मीटरखाली धरली तर ३४० लक्स, म्हणजे ८५ टक्के दिसले. आकडा उत्तम. पण रात्री समोरून गाडी आली की दिव्याभोवती मोठे वलय तयार होते. ओरखडे प्रकाश फारसा अडवत नाहीत, तो विखुरतात. त्या पसरलेल्या उजेडात रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस हरवून जातो.

बहुतेक ओरखडे आपणच पाडतो. कोरड्या रुमालाने किंवा शर्टाच्या बाहीने धूळ पुसली की ती पॉलिश पेपरसारखी घासते. ओले फडके काचेवर पाच-दहा मिनिटे ठेवा, धूळ आणि किडे सुटू द्या, मग सौम्य साबणाच्या पाण्याने धुवा. पेट्रोल, थिनर किंवा अमोनिया असलेले काच पुसण्याचे स्प्रे वापरू नका. त्यांनी पॉलिकार्बोनेटला सूक्ष्म तडे जातात.

पावसात आतून वाफ धरते, उपाय काय?

श्वासातली उबदार, दमट हवा थंड काचेला लागली की तिचे बारीक थेंब होतात. वाफ दिसली की काच एक खाच उघडा आणि हेल्मेटची हवा येण्याची छिद्रे मोकळी ठेवा. नेहमी घाटातून जाणाऱ्यांनी पिनलॉक प्रकारच्या दुहेरी काचेचा विचार करावा. मधल्या हवेच्या थरामुळे आतली काच तितकी थंड होत नाही. मात्र तिच्यासाठी व्हायझरवर खास खुंट्या असाव्या लागतात.

कायदा काय म्हणतो?

१ जून २०२१ पासून देशात दुचाकीच्या हेल्मेटला आयएसआय मार्क बंधनकारक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ड नुसार हेल्मेटचा नियम मोडल्यास १ हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी परवाना अपात्र ठरण्याची तरतूद आहे. चारचाकीच्या पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आत यायला हवा, हा नियम बहुतेकांना ठाऊक आहे. डोळ्यांसमोर चार बोटांवर असलेल्या व्हायझरबाबत मात्र तेवढी जागरूकता नाही. परवान्याच्या अर्जातही ‘चांगल्या दिवसाच्या उजेडात’ २५ मीटरवरची नंबरप्लेट दिसते का, हे विचारतात. रात्रीचे आपल्यालाच पाहायचे आहे.

मग घ्यायची कोणती?

- फक्त एकच काच घ्यायची असेल तर पारदर्शक. उन्हासाठी आत गॉगल घाला, अंधार पडला की काढा.
- रोज अंधारात परतत असाल तर पारदर्शक काच आणि आतला सन-व्हायझर असलेले हेल्मेट.
- काळी काच हवीच असेल तर पारदर्शक काच डिकीत किंवा सॅकमध्ये, मऊ कापडात गुंडाळून ठेवा. काच अवजारांशिवाय बदलता येते का, हे दुकानातच करून पाहा.
- व्हायझर हेल्मेटच्या मॉडेलनुसार असतो. खरेदी करताना सुटी काच नंतर मिळेल का, ते विचारा.
- काच डोळ्यांसमोर हलवून पाहा. सरळ रेषा वाकड्या दिसल्या तर ती घेऊ नका.
- समोरच्या दिव्यांभोवती वलये दिसू लागली की काच बदला. नव्या हेल्मेटच्या तुलनेत हा खर्च खूपच कमी असतो.

सकाळी निघताना परतायला किती वाजतील, हे आपल्याला नक्की माहीत नसते. त्यामुळे निघतानाची काच उन्हाकडे पाहून नव्हे, परतीच्या अंधाराकडे पाहून निवडावी.