पाटीवरचा जिल्हा

जुन्या दुकानाच्या दर्शनी भागाचे छायाचित्र सामान्यतः स्मरणरंजनाच्या खात्यात जमा केले जाते. परंतु त्या भागावर रंगवलेला मजकूर वाचता येत असेल, तर तेच छायाचित्र महसुली दप्तराच्या बरोबरीने साक्ष देऊ लागते, आणि नवापूर तालुक्यातील खांडबाऱ्यासारख्या सीमेवरच्या गावाच्या बाबतीत ही गोष्ट विशेष जाणवते. 1906 मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर पश्चिम खानदेशास धुळे हे नाव मिळाले, आणि 1 जुलै 1998 रोजी त्यातून नंदुरबार वेगळा निघाला. त्यामुळे 'जि. नंदुरबार' अशी अक्षरे असलेली पाटी 1998 च्या आधीची असूच शकत नाही, 'जि. धुळे' असलेली बहुधा त्याआधीची ठरते, आणि 'प. खानदेश' लिहिलेली पाटी कुठे टिकलीच असेल तर ती साठीच्या दशकापलीकडे नेते. मालकाने सवयीने जुनाच जिल्हा लिहिला असण्याची शक्यता धरूनही एवढा स्वस्त कालनिर्णय दुसऱ्या कोणत्याही साधनाने होत नाही.

सुरत ते अमळनेर हा ताप्ती व्हॅली रेल्वेचा मार्ग 1900 पर्यंत पूर्ण झाला आणि खांडबारा त्या मार्गावरचे स्थानक आहे; त्याच मार्गावर नवापूरचे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत उभे आहे. व्यवहारात मराठी आणि गुजराती, घरात मावची किंवा कोकणा बोली, अशा या पट्ट्यात दुकानाच्या पाटीवर कोणती लिपी वर आणि कोणती खाली, हा निव्वळ सजावटीचा प्रश्न कधीच नव्हता.

दुकानांची अशी छायाचित्रांतून नोंद ठेवण्याची परंपरा युरोपात जुनी आहे. लंडनमधील 'ऑक्सफर्ड आर्म्स' ही सराई पाडली जाणार म्हणून 1875 मध्ये एक संस्था स्थापन झाली, आणि तिच्यासाठी पुढील दहा-अकरा वर्षांत 120 छायाचित्रे काढली गेली, त्यांत सोहो भागातील दुकानेही होती. पण या विषयाचा खरा नायक पॅरिसचा युजीन आत्जे हाच होय. रंगभूमीवर फारसे यश न मिळालेला हा नट 1897-98 च्या सुमारास जुन्या पॅरिसकडे वळला आणि 18 गुणिले 24 सेंटिमीटरच्या काचांवर दुकाने, पाट्या, दारांवरच्या कड्या टिपत राहिला. उंचावरची पाटी चौकटीत घेण्यासाठी कॅमेरा वर कलला की भिंती एकमेकींकडे झुकलेल्या दिसतात; ते टाळण्यासाठी भिंग बसवलेली पुढची फळी तेवढीच वर सरकवण्याची सोय त्याच्या लाकडी कॅमेऱ्यात होती. भिंगाने पाडलेल्या गोल प्रतिमेची कड मग काचेच्या आत येई, आणि म्हणून त्याच्या अनेक चित्रांचे वरचे कोपरे काळे आहेत. हा दोष झाकण्याची त्याने कधी तसदी घेतली नाही.

1920 मध्ये त्याने 2,621 निगेटिव्ह 10,000 फ्रँकला फ्रेंच सरकारला विकल्या. पुढे 1926 मध्ये छायाचित्रकार मॅन रे याने आत्जेचे एक छायाचित्र अतिवास्तववाद्यांच्या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर छापले, तेव्हा आत्जेने आपले नाव देऊ नये असे सांगितले. आपण काढतो ते केवळ दस्तऐवज, अशी त्याची भूमिका होती. ज्यांनी त्याला स्वप्नदर्शी ठरवले त्यांच्यापेक्षा या बाबतीत त्याचेच म्हणणे ग्राह्य धरले पाहिजे, कारण दुकानदार कोण, गल्ली कोणती आणि भाव काय हे त्याच्या चित्रांतून आजही वाचता येते, आणि स्वप्नांना पत्ता नसतो. 1927 मध्ये तो वारला, उरलेला संग्रह छायाचित्रकार बेरेनिस अॅबट हिने मिळवला, आणि 1968 मध्ये तो न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात गेला.

खानदेशात अशा वजनदार लाकडी कॅमेऱ्याची गरज नाही. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला 'आग्फा क्लिक थ्री' हा मध्यमवर्गीय घरांचा कॅमेरा जुन्या बाजारात अजून सापडतो. 120 क्रमांकाच्या रुंद फिल्मवर त्यात 6 गुणिले 6 सेंटिमीटरची 12 चौरस चित्रे येतात, आणि प्रकाश ठरवण्यासाठी ऊन व ढग यांच्या खुणा असतात. आत्जेची सरकती फळी येथे नाही, म्हणून भिंती सरळ हव्या असतील तर कॅमेरा न कलवता मागे सरकत जावे लागते आणि चौरसाचा खालचा अर्धा भाग रस्त्याला द्यावा लागतो. हे नुकसान मानण्याचे कारण नाही: ओट्यावरची पोती, तराजू आणि बाजूला टेकवलेल्या सायकली याच अर्ध्या भागात येतात. उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू' फिल्म आता मिळत नसली, तरी याच मापाची कृष्णधवल फिल्म परदेशात अजून तयार होते.

घाई करण्याचे कारण कायद्यात आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमात 2022 मध्ये दुरुस्ती होऊन दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीतील मराठी पाटी बंधनकारक झाली, इतर लिपीतील अक्षरे तिच्याहून मोठी असू नयेत असे ठरले, आणि सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील व्यापाऱ्यांना पूर्ततेसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. राज्याच्या भाषेला अग्रस्थान मिळणे रास्तच आहे. खंत एवढीच, की नवी पाटी बहुधा फ्लेक्सची येते आणि पेंटरने हाताने लिहिलेली जुनी, तीत मराठी असली तरीही, भंगारात जाते. नियमात जुनी पाटी उतरवण्यापूर्वी तिचे एक छायाचित्र ग्रामपंचायतीत ठेवण्याची तरतूद केली असती, तर खर्च नगण्य होता.

ती तरतूद नाही, म्हणून हे काम वाचकांकडे येते. ज्यांच्या घरी क्लिक थ्रीच्या निगेटिव्ह पडून आहेत, त्यांनी त्या एकदा उजेडात धरून पाहाव्यात, वरातीच्या किंवा मुलाच्या मागे एखादे दुकान आले आहे का ते शोधावे, आणि पाकिटावर गाव, तालुका, जिल्हा व वर्ष पेन्सिलीने लिहून ठेवावे.