पांढरी पाचच्या जरा वर

रात्री घर शांत झालं की अँप्लिफायर चालू करा, पण गाणं लावू नका. आवाजाची कळ नेहमी ऐकता तेवढी फिरवा आणि कान स्पीकरच्या जाळीपाशी न्या. बारीक ‘सऽऽ’ ऐकू येईल. तो अँपच्या आतल्या भागांचा, थोडाफार सगळीकडेच असतो. त्याच्याखाली एखादा खोल, सलग ‘हूंऽऽ’ लागलेला असेल, तर पेटी काढा आणि त्याचा सूर शोधा. पांढरी पाचच्या जरा वर तो सापडेल, पण काळी चारपर्यंत पोचणार नाही. सोलापूरला, चेन्नईला, गुवाहाटीला, जिथे कुठे स्पीकर गुणगुणत असेल तिथे हाच सूर. न्यू जर्सीतल्या मराठी घरात मात्र तो काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध लागतो.

हा सूर विजेचा आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 वेळा उलटसुलट होते, अमेरिकेत 60 वेळा. 50 ची दोन सप्तकं वरची जोड म्हणजे 200 हर्ट्‌झ. पेटीवरची पांढरी पाच 196 ला आणि काळी चार साधारण 208 ला बोलते. देशभर हा एकच सूर लागायला 31 डिसेंबर 2013 उजाडावं लागलं. त्या दिवशी रायचूर–सोलापूर ही 765 किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली, दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाशी जोडलं गेलं आणि कोयनेची जनित्रं तमिळनाडूतल्या जनित्रांबरोबर एकाच तालात फिरू लागली.

सूर एकच असला तरी तो हलतो. देशात विजेची मागणी वाढली की किंचित उतरतो, घटली की चढतो, तो 49.90 ते 50.05 हर्ट्‌झ यांच्या दरम्यान राखावा असा आपल्या ग्रिडचा दंडक आहे. लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांची न्यायवैद्यक प्रयोगशाळा तिथल्या विजेचा हा चढउतार 2005 पासून सतत नोंदवून ठेवते. एखाद्या ध्वनिमुद्रणात पुसटशी गुणगुण शिरलेली असली, की ती या नोंदीशी ताडून ते मुद्रण कधीचं आहे आणि मधेच कापलेलं आहे का, हे सांगता येतं. आपण जिला वैतागतो, ती गुणगुण तिथे पुरावा ठरते.

पण भिंतीतल्या विजेचा स्पीकरच्या आवाजाशी इतका जवळचा संबंध का असावा? कारण ऐकू येणारं संगीत अक्षरशः त्याच विजेतून घडतं. मोबाइलमधून किंवा सीडी प्लेअरमधून येणारा संकेत अगदी दुबळा असतो. स्पीकरचा पडदा हलवण्याची ताकद त्याच्यात नसते. तो करतो एवढंच, की कालव्याच्या दारावर बसलेल्या पाटकऱ्यासारखा दार कमीजास्त उघडतो. पाणी येतं धरणातून, म्हणजे भिंतीतून. किशोरीताईंची तान खोलीत घुमते तेव्हा हवा हलवणारी ऊर्जा सॉकेटमधली असते, तिला आकार तेवढा तानेचा असतो.

मग सॉकेटमधली वीज गढूळ असेल, तर गाणंही गढूळ व्हायला हवं. ऑसिलोस्कोपवर पाहिलं तर ती गढूळ दिसतेही. 230 व्होल्ट म्हणतो ती सरासरीच्या हिशेबातली संख्या. लाटेचा माथा 325 व्होल्टपर्यंत जातो. पुस्तकात ही लाट गोल, गुळगुळीत असते. घरातली बहुधा माथ्यावर चपटी झालेली दिसते, कारण टीव्ही, संगणक, चार्जर, एलईडी दिवे अशी पुष्कळशी उपकरणं फक्त माथ्यापाशीच वीज ओढतात. शिवाय लाटेवर बारीक काटे उगवलेले असतात, ते वेगळेच.

पण ही वीज अँपमध्ये शिरल्यावर तिचं काय होतं, ते पाहण्यासारखं आहे. आधी ट्रान्सफॉर्मर तिचा दाब कमी करतो. मग डायोड तिची उलटी बाजू सुलटी करतात आणि सेकंदाला 100 उसळ्या कपॅसिटरमध्ये भरतात. समजा कपॅसिटर 10,000 मायक्रोफॅरडचा आहे आणि अँप एक अँपिअर ओढतोय. दोन उसळ्यांमधल्या एक शतांश सेकंदात दाब फार तर एक व्होल्टने उतरतो आणि पुन्हा भरतो. ही उरलेली लहर अँपचं सर्किट स्वतःच दाबून टाकतं; चांगल्या सर्किटमध्ये ती दहा हजारांश होते. स्पीकरपर्यंत पोचतो व्होल्टचा दहा हजारावा भाग. नेहमीच्या घरगुती स्पीकरला 2.83 व्होल्ट दिले, की एक मीटरवर 87 डेसिबलच्या आसपास आवाज होतो. त्याच्या अठ्ठावीस हजाराव्या भागाएवढा हा अवशेष रात्रीच्या शांततेतही कानाला लागत नाही.

म्हणजे वीज स्वच्छ करणारं यंत्र तुम्ही आधीच विकत घेतलं आहे. ते अँपच्या पोटात बसलेलं आहे. तरीही गुणगुण ऐकू येते, तेव्हा घाण या मुख्य दारातून न येता दुसरीकडून घुसलेली असते.

सगळ्यात मोठी चोरवाट अर्थिंगची. समजा अँपचा तीन पिनांचा प्लग हॉलमधल्या एका सॉकेटमध्ये आहे आणि संगणकाचा पलीकडच्या भिंतीवर. दोघांची अर्थिंग भिंतीतून एकमेकींना जोडलेली आहेच. आता त्यांच्यामध्ये ऑडिओ केबल लावली, की तारेचं एक मोठं कडं पुरं होतं. दोन सॉकेटांच्या अर्थमध्ये काही सहस्रांश व्होल्टचा जरी फरक असला, तरी या कड्यातून प्रवाह फिरतो. तो ऑडिओ केबलच्या जाळीतून जातो आणि गाण्याचा संकेतही त्याच जाळीचा आधार घेऊन चाललेला असतो. अँपला दोघांत भेद करता येत नाही; तो गाण्याबरोबर गुणगुणही इमानेइतबारे मोठी करतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. केबल टीव्हीची गच्चीवरून आलेली वायर स्वतःबरोबर तिसरीच अर्थ घेऊन येते. सेट टॉप बॉक्समधून ती काढताच गुणगुण थांबली, तर चोर सापडला.

रेकॉर्ड प्लेअरवाल्यांना हा त्रास सगळ्यात जास्त होतो, आणि त्याला कारण आहे. सुईपाशी तयार होणारा संकेत जेमतेम पाच सहस्रांश व्होल्टचा. तो मधल्या सुरांपाशी साधारण शंभर पटींनी वाढवावा लागतो. शिवाय तबकडी कापताना खर्जाचे सूर मुद्दाम दाबलेले असतात, नाहीतर खाच एवढी नागमोडी होईल की शेजारच्या खाचेत घुसेल. ऐकताना ते पुन्हा उचलावे लागतात आणि नेमक्या 50 हर्ट्‌झपाशी ही उचल आणखी सातपट असते. म्हणजे विजेचा सूर इथे तब्बल सातशे पटींनी वाढतो. प्लेअरमागची ती बारीक, सुटी अर्थ वायर अँपच्या स्क्रूला घट्ट बसली नसेल, तर सगळं घर खर्जात गुणगुणू लागतं.

दुसरी चोरवाट हवेतून आणि तारांवरून येणाऱ्या करकरीची. ती हुडकायला मीडियम वेव्हचा साधा ट्रान्झिस्टर रेडिओ पुरतो. दोन स्टेशनांच्या मधली मोकळी जागा लावा आणि रेडिओ घरभर फिरवा. स्वस्त एलईडी दिव्याखाली तो चरचरेल, मोबाइलच्या चार्जरपाशी शिट्टी घालेल. पंख्याच्या गोल फिरणाऱ्या रेग्युलेटरपाशी गेलात तर ‘टर्रर्र’ असा आवाज ऐकाल. हा रेग्युलेटर प्रत्येक अर्धी लाट मधूनच तोडतो, सेकंदाला 100 वेळा, आणि त्या तुटक्या कडेतून रेडिओच्या पट्ट्यापर्यंतचा गोंगाट उसळतो. पायरीपायरीने फिरणारा कपॅसिटरचा रेग्युलेटर लाट तोडत नाही, म्हणून त्याच्यापाशी रेडिओ गप्प राहतो. घरातली बरीचशी घाण महावितरणच्या तारेतून न येता आपल्याच बोर्डांवर तयार होते, हे या फेरीत कळतं.

कधी गुणगुण स्पीकरमधून न येता अँपच्या डब्यातूनच येते. ट्रान्सफॉर्मरमधलं पोलाद चुंबकत्वाने कणभर लांबतं. चुंबकत्व कुठल्याही दिशेचं असलं तरी लांबतंच, म्हणून 50 च्या विजेवर ते 100 हर्ट्‌झला थरथरतं. गोल कड्यासारखा टोरॉइड ट्रान्सफॉर्मर एरवी शांत; पण घरात कुणी हेअर ड्रायर अर्ध्या वेगावर लावला की तो अचानक कुरकुरू लागतो. त्या अर्ध्या वेगावर पुष्कळदा लाटेची एकच बाजू वापरली जाते, त्यामुळे घरातली वीज किंचित एकीकडे कलते आणि टोरॉइडला नेमका हाच कल सोसत नाही. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर तर बहुतेक ट्रान्सफॉर्मर तक्रार करतात. चौकोनी लाटेत 50 बरोबर 150, 250, 350 असे वरचे सूर भरपूर असतात. गाणं ऐकायचं असेल तर साइन वेव्ह इन्व्हर्टरच घ्यावा.

शौकाला अंत नसतो. जपानमध्ये काही रसिकांनी आपल्या स्टिरिओसाठी घरासमोर स्वतःचा विजेचा खांब आणि ट्रान्सफॉर्मर बसवून घेतला आहे. आपल्या बाजारातही जाडजूड पॉवर केबल, सोन्याचा मुलामा दिलेले प्लग, वीज नव्याने ‘घडवणारी’ मोठी यंत्रं मिळतात. यंत्र निदान काहीतरी मोजता येण्याजोगं करतं. केबलचं तसं नाही. सबस्टेशनपासून भिंतीपर्यंत साध्या तारेतून आलेल्या विजेला शेवटच्या दीड मीटरने पावन होण्याचं काही कारण नाही.

म्हणून खर्चाचा क्रम असा असावा. आधी अँप आणि त्याला जोडलेली सगळी उपकरणं एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डावर आणा, म्हणजे अर्थ एका जागी येईल. एकूण भार बोर्डाला झेपेल एवढा आहे ना, ते पाहा. करकर करणारे चार्जर आणि दिवे त्या बोर्डावरून हलवा किंवा बदला. तरीही लूप राहिलाच, तर ऑडिओ केबलच्या मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरची छोटी डबी लावा. व्होल्टेज फार हलत असेल तरच स्टॅबिलायझर घ्या. दाब 10 टक्के उतरला, तर ट्रान्सफॉर्मरवाल्या अँपची जास्तीत जास्त ताकद साधारण 19 टक्क्यांनी घटते. आजचे पुष्कळसे स्विचिंग सप्लायवाले अँप मात्र 100 ते 240 व्होल्टपर्यंत निर्धास्त चालतात.

आणि अर्थची पिन काढून गुणगुण घालवण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो मुळीच ऐकू नका. गुणगुण खरंच जाते, पण आत फेजची तार सुटून डब्याला टेकली तर तो प्रवाह वाहून नेणारी वाट उरत नाही. अँपला हात लावणारा माणूसच ती वाट होतो. आपल्या प्लगमध्ये अर्थची पिन जाड आणि लांब असते, ती सगळ्यात आधी लागावी आणि सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून. सोन्याच्या प्लगसाठी बाजूला काढलेले पैसे आधी एखाद्या जाणत्या वायरमनला द्या. त्याच्याकडून अर्थिंग तपासून घ्या, ढिल्या झालेल्या न्यूट्रलचे स्क्रू आवळून घ्या. गाणं नितळ होईलच, आणि सगळं घरही सुरक्षित होईल.