गुण झाकण्याची मुभा कुणाच्या कामाची?

अमेरिकी कॉलेजांच्या अर्जांची 1 नोव्हेंबरची अर्ली मुदत जवळ आली, की बंगळुरूतल्या कितीतरी घरांत एकच वाद रंगतो. सॅट या प्रवेशपरीक्षेत 1430 पडलेत. कळवायचे की नाही? आता त्यात प्रिन्स्टनची भर पडली आहे. 2027-28 च्या प्रवेशफेरीपासून तिथेही सॅट किंवा एसीटी पुन्हा सक्तीची होणार आहे. एमआयटी 2022 मध्येच सक्तीकडे परतली, डार्टमथ, येल, ब्राउन आणि हार्वर्ड 2024 मध्ये. तरी यंदाच्या मुलांना प्रिन्स्टनसह अनेक ठिकाणी गुण झाकण्याची मुभा आहे. माझ्या मते ही मुभाच फसवी आहे.

नेहमीचा सल्ला असा: प्रवेश मिळालेल्यांपैकी मधल्या निम्म्या मुलांचे गुण कॉलेज जाहीर करतं, तुमचे त्या पट्ट्याच्या खाली असतील तर गप्प बसा. ऐकायला रास्त वाटतं. पण हा पट्टा निघतो तो ज्यांनी गुण कळवले त्यांच्यावरूनच. कमी गुणवाले गप्प बसले की तो वर सरकतो. तो वर गेलेला पाहून पुढच्या वर्षी आणखी मुलं गप्प बसतात. म्हणजे 1430 ला ‘कमी’ ठरवणारा आकडाच मुळात फुगलेला असतो.

याचा खरा फटका कुणाला बसतो, हे डार्टमथच्या अभ्यासाने दाखवलं. एलिझाबेथ कॅसिओ, ब्रूस सॅसरडोट, डग स्टायगर हे तीन अर्थशास्त्रज्ञ आणि शिक्षणाच्या अभ्यासक मिशेल टाइन यांनी त्या कॉलेजाचे अर्ज तपासले. न कळवलेले गुणही त्यांना पाहता आले. बेताच्या परिस्थितीतल्या, 1400 च्या घरात गुण असलेल्या शेकडो मुलांनी ते झाकले होते, आणि कळवले असते तर त्यांचा प्रवेशाचा संभव वाढला असता. कारण प्रवेश समिती नुसता आकडा वाचत नाही. कुठल्या शाळेतून, कुठल्या घरातून तो आला हेही पाहते. साध्या शाळेतले 1400 तिला मोठे वाटतात. हे महागड्या काउन्सेलरकडे जाणाऱ्या मुलाला कुणीतरी सांगतं. घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणाऱ्या मुलीला कोण सांगणार? ती जाहीर पट्टा पाहते आणि आपली सगळ्यात भक्कम बाजू स्वतःच्या हाताने पुसून टाकते. मला हा अन्याय वाटतो, आणि तो उदारपणाच्या नावाखाली झाला याची जास्त चीड येते.

आपल्याकडच्या परीक्षांना आपण ऊठसूट नावं ठेवतो. पण या एका बाबतीत त्या सरस आहेत. कर्नाटकात 2024 पासून दुसऱ्या पीयूच्या, म्हणजे बारावीच्या, वर्षाला एकाहून अधिक परीक्षा होतात आणि विषयवार सर्वांत चांगले गुण धरले जातात. इंजिनिअरिंगच्या रँकमध्ये मल्लेश्वरमचं परीक्षा प्राधिकरण, केईए, निम्मं वजन पीयूच्या गुणांना देतं, निम्मं सीईटीला. जेईई मेनच्या दोन सत्रांतला वरचा स्कोअर एनटीए आपणहून घेते. महाराष्ट्राची सीईटीही 2026 पासून दोनदा, तीही याच तत्त्वावर. मुलाने काय दाखवायचं, काय लपवायचं याचा अंदाज बांधत बसायची गरजच नाही. निवड यंत्रणा करते, आणि सगळ्यांसाठी एकाच नियमाने करते. पुन्हा बसायला फी आणि वेळ लागतो, तिथे पैसेवाल्याचं फावतं, हे खरंच. पण निदान हातात आलेला गुण अज्ञानापायी वाया जात नाही.

तेव्हा यंदाच्या मुलांनी पट्ट्याशी तुलना करण्याआधी आपल्या शाळेशी करावी. वर्गात सॅट देणारे तुम्ही एकटेच असाल, शिकवणीशिवाय दिली असेल, तर पट्ट्याच्या थोडे खाली असलेले गुणही बेधडक कळवा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्जात हा प्रश्नच नाही, तिथे प्रवेश ठरवताना सॅट बघतच नाहीत. दोनदा परीक्षा दिली असेल तर बरीच कॉलेजं गणिताचे एका खेपेचे आणि इंग्रजीचे दुसऱ्या खेपेचे चांगले गुण जोडून घेतात. आणि अधिकृत अहवालाचे डॉलर लगेच मोजू नका. अर्जात स्वतः भरलेले गुण अनेक ठिकाणी चालतात, अहवाल प्रवेश पक्का झाल्यावर पाठवला तरी चालतो. मात्र प्रत्येक कॉलेजचा नियम आधी वाचा.