चढणाऱ्याला आधी वाट

शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत 60 टक्के उत्तरे बरोबर आली की पास. म्हणून बरीच मुले आदल्या रात्री चिन्हे पाठ करतात. त्यापेक्षा त्यांची रीत समजून घ्या. गोल पाटी हुकूम देते, त्रिकोणी सावध करते, चौकोनी माहिती सांगते. 'थांबा'ची पाटी तेवढी अष्टकोनी, म्हणजे धुळीने माखली तरी आकारावरून ओळखू येते.

घाटाचा नियम मात्र मनापासून शिकावा. अरुंद घाटरस्त्यावर दोन गाड्या समोरासमोर आल्या, तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची. भरलेली गाडी चढावर एकदा थांबली की पुन्हा उचलताना मागे घसरू शकते. वरंधा किंवा आंबोलीच्या वळणावर हे प्रत्यक्ष दिसते. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणे हा शुद्ध धोका आहे, कारण मग सगळा भार ब्रेकवर येतो आणि तापलेले ब्रेक ऐनवेळी दगा देतात.

अंतराचेही तसेच. ताशी 60 किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाते, आणि पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंत तेवढा वेळ सहज जातो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते.

शिकाऊ परवाना 6 महिने चालतो, पक्क्या परवान्याची चाचणी 30 दिवसांनंतर देता येते. घाई करू नका. निदान एक पावसाळी संध्याकाळ जाणत्या माणसाला शेजारी बसवून गाडी चालवा.