कोड वाचणाऱ्याची नजर

कादंबरी आपण पहिल्या ओळीपासून वाचतो. सोर्स कोडही तसाच वाचू पाहणारा बहुधा नवखा असतो. मुरलेला प्रोग्रामर आधी सुरुवातीचे फंक्शन शोधतो, तिथून ज्या फंक्शनला हाक गेली आहे तिकडे उडी मारतो आणि पुन्हा मागे येतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या एका अभ्यासातही जाणकारांची नजर नवख्यांपेक्षा कमी सरळ रेषेत फिरताना दिसली.

प्रत्येक ओळ समजून घ्यायला वेळ असतो कुणाला! वाचणारा खुणा हेरतो. दोन किमतींची अदलाबदल करणाऱ्या तीन ओळी दिसल्या की ‘इथे क्रम लावणे चालू असावे’ असा अंदाज तो बांधतो आणि पुढे तो पडताळत जातो.

पण खूण खोटी असली तर? इलियट सोलोवे आणि केट एर्लिक यांनी १९८४ मध्ये हेच तपासले. व्हेरिएबलचे नाव ‘मॅक्स’, प्रत्यक्षात काढायची किंमत मात्र सर्वांत लहान. असे संकेत मोडलेले प्रोग्राम समोर आल्यावर तज्ज्ञांची कामगिरी जवळजवळ नवशिक्यांइतकी घसरली. माझ्या मते चुकीचे नाव हे नसलेल्या नावापेक्षा वाईट.

आणि मेंदू? एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये पायथॉन वाचणाऱ्यांचे मेंदू स्कॅन केले. भाषेच्या केंद्रांचा प्रतिसाद क्षीण होता. मुख्य भार उचलला तो कोडी सोडवताना, गणिते करताना राबणाऱ्या जाळ्याने.