दोन वर्षांसाठी जर्मनीला: ऐकीव माहिती आणि खरे नियम

चाकण, पिंपरी, हिंजवडीहून जर्मनीला जाणाऱ्या जोडप्यांचं आता कुणाला नवल वाटत नाही. मोटारींचे कारखाने, सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या आणि त्यांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या आयटी कंपन्या यांच्यामुळे स्टुटगार्ट, म्युनिक, वोल्फ्सबुर्ग ही नावं पुण्यातल्या घरांमध्ये सहज बोलली जातात. प्रोजेक्ट दोन-तीन वर्षांचा असतो, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं असतं आणि दोघांनी मिळून जायचं ठरतं. घरात बोलणं निघालं की सल्ले सुरू होतात, आणि त्यातले बहुतेक अमेरिकेचे असतात. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी न्यू जर्सीला गेलेल्या एखाद्या मामेभावाच्या अनुभवावर ते उभे असतात. तो अनुभव खोटा नसतो, पण तो त्या देशाचा आणि त्या काळाचा असतो. तो जर्मनीला लावला की नुकसान होतं, आणि सर्वांत जास्त होतं ते सोबत जाणाऱ्या जोडीदाराचं. आपल्याकडे ती व्यक्ती बहुतेक वेळा बायको असते, म्हणून सुरुवात तिच्यापासून करते.

“डिपेंडंट व्हिसावर जाणाऱ्याला काम करता येत नाही” हा समज अमेरिकेच्या एच-४ व्हिसावरून आला. तिथे २०१५ सालापर्यंत एच-४ वरच्या जोडीदाराला नोकरीची परवानगीच नव्हती. त्या वर्षीच्या मे महिन्यापासून ती मिळू लागली, पण तीही मुख्यतः ज्यांच्या ग्रीन कार्डाची प्रक्रिया एका टप्प्यापुढे गेली आहे त्यांच्या जोडीदारांना. दोन वर्षांसाठी गेलेल्या जोडप्याला तिचा उपयोग जवळपास नाही. खुद्द अमेरिकेतही कंपनीच्या बदलीवर एल-१ व्हिसाने गेलेल्यांच्या जोडीदारांना मात्र नोव्हेंबर २०२१ पासून वेगळा परवाना न काढता नोकरी करता येते. म्हणजे एकाच देशात दोन व्हिसांचे दोन नियम आहेत.

जर्मनीत चित्र बरंच वेगळं आहे. तिथे नोकरीसाठी जाणारे आपले इंजिनिअर साधारण दोन मार्गांनी जातात. तिथल्या कंपनीशी थेट करार असेल तर ब्लू कार्ड, आणि भारतातल्या कंपनीनेच तिच्या तिथल्या शाखेत पाठवलं असेल तर आयसीटी कार्ड. दोन्हींत कुटुंब म्हणून आलेल्या नवऱ्याला किंवा बायकोला पहिल्या दिवसापासून काम करायला कायद्याने मुभा आहे, आणि कुठलं काम करायचं याचंही बंधन नाही. तिच्या निवासाच्या परवान्यावर ‘एर्वेर्ब्सटेटिगकाइट एरलाउब्ट’ असा शेरा असतो, म्हणजे अर्थार्जनाला परवानगी. त्या कार्डावर तिने सर्वांत आधी वाचावी अशी ही ओळ आहे. जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनच्या ए-१ परीक्षेचं प्रमाणपत्र लागतंच, असंही सर्रास सांगितलं जातं. ब्लू कार्ड आणि आयसीटी कार्डवाल्यांच्या जोडीदारांना ती अट नाही.

परवानगी मिळाली म्हणजे नोकरी मिळाली असं मात्र नाही. आयटीतल्या काही टीम इंग्रजीत चालतात, पण शिक्षिका, फिजिओथेरपिस्ट, बँकेतली अधिकारी यांना जर्मनशिवाय दार उघडत नाही. डॉक्टर, नर्स, वकील यांना पदवीला मान्यता मिळवण्याचं वेगळं काम करावं लागतं. त्यामुळे ए-१ ची सक्ती नसली तरी निघण्याआधीचे सहा महिने मॅक्स म्युलर भवनात किंवा दुसऱ्या चांगल्या क्लासला घालवलेले कधीच वाया जात नाहीत, असं माझं ठाम मत आहे. भाषा नवऱ्याला ऑफिसात लागेल की नाही हे दुय्यम. डॉक्टरकडे, घरमालकाशी, सरकारी कचेरीत बोलायचं काम बहुतेक वेळा तिच्या वाट्याला येतं, आणि तिथून येणारं प्रत्येक पत्र जर्मनमध्ये असतं.

करोनानंतर एक नवा समज रुजला आहे: “राजीनामा कशाला देऊ? लॅपटॉप सोबत नेते, पुण्याच्या कंपनीचं काम तिथूनच करते.” पगार पुण्याच्या खात्यात जमा झाला म्हणजे तो भारतातला पगार, असं यामागे गृहीत धरलेलं असतं. पगारावरचा कर आधी बघतो ते काम प्रत्यक्ष कुठे बसून केलं. तुम्ही स्टुटगार्टमध्ये घर करून राहत असाल आणि तिथल्या टेबलावर बसून काम करत असाल, तर त्या कमाईवर जर्मनीत कर लागू होतो. कंपनीवरही तिथल्या सामाजिक विम्याच्या आणि कराच्या जबाबदाऱ्या येऊ शकतात, म्हणूनच अनेक कंपन्या परवानगी देत नाहीत. मॅनेजरच्या तोंडी होकारावर विसंबून जाऊ नये. एचआरकडून लेखी परवानगी घ्यावी, आणि ती मिळत नसेल तर बिनपगारी दीर्घ रजा मागावी. मागितली तर मिळते असं होतं, पण कितीजणी न मागताच राजीनामा देऊन टाकतात.

कागदपत्रांत एक गोष्ट सर्वांत आधी हातात हवी, ती म्हणजे विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र. लग्नपत्रिका, फोटो, कार्यालयाची पावती यांनी व्हिसाचं काम भागत नाही. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत नोंदणी होते. ती लग्नानंतर लगेच करून टाकावी. बायकोने पासपोर्टवर आडनाव बदललंच पाहिजे हा समजही चुकीचा आहे, तशी सक्ती नाही. उलट पदवी, अनुभवपत्र, पॅन एका नावावर आणि पासपोर्ट दुसऱ्या नावावर झाला की तिथे नोकरी शोधताना प्रत्येक ठिकाणी खुलासे देत बसावं लागतं.

आता पैसा. “वर्षाला साठ हजार युरो” हे ऐकून घरचे लगेच रुपयांत गुणाकार करतात. पण तो आकडा कापाकापीच्या आधीचा असतो. स्थानिक करारावर असाल तर पेन्शन, आरोग्य, बेकारी आणि शुश्रूषा विमा यांत पगाराचा साधारण पाचवा हिस्सा जातो आणि त्यावर आयकर. एकट्या माणसाच्या महिन्याच्या पाच हजारांतले ३,१०० ते ३,२०० युरो हातात येतात. दोघं तिथे राहत असाल आणि एकच कमावत असेल तर कमावणाऱ्याला करवर्ग तीन घेता येतो आणि दरमहा काही शे युरो जास्त मिळतात. त्यातून घरभाडं जातं. जाहिरातीतला आकडा बहुधा ‘काल्टमीटे’, म्हणजे नुसतं भाडं असतं. हीटिंग, पाणी, जिन्याची सफाई वगैरे मिळून होतं ते ‘वार्ममीटे’. तुमच्या बजेटमध्ये धरायचा आकडा तो. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकी घेता येते आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे. कित्येक घरांत स्वयंपाकघर म्हणजे नळाची जोडणी आणि चार भिंती. ओटा, सिंक, कपाटं आधीचा भाडेकरू घेऊन गेलेला असतो. शिवाय टीव्ही असो-नसो, रेडिओ-टीव्हीचं शुल्क प्रत्येक घराला दरमहा १८.३६ युरो द्यावं लागतं.

घर मिळालं की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, ‘आनमेल्डुंग’, करायची. त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. काही तात्पुरत्या जागांचे मालक ते देत नाहीत. या नोंदणीशिवाय कराचा क्रमांक येत नाही, आणि तो कंपनीकडे नसेल तर पगारातून सर्वांत चढ्या दराने कर कापला जातो. म्हणून पहिल्या महिन्याची जागा ठरवतानाच हे पत्र मिळेल का, असं विचारून घ्यावं.

“परदेशात गेलो, आता भारतातल्या कराचा प्रश्न मिटला.” हा समज फार महागात पडतो. आपल्या आयकर कायद्यात तुम्ही त्या आर्थिक वर्षात भारताचे निवासी होतात की नाही हे दिवसांवर ठरतं. नोकरीसाठी परदेशी निघालेल्या भारतीय नागरिकासाठी ही मर्यादा १८२ दिवसांची आहे. म्हणजे जूनमध्ये निघालात तर ते वर्ष अनिवासी म्हणून धरलं जाईल. नोव्हेंबरमध्ये निघालात तर त्या वर्षापुरते तुम्ही निवासी, आणि नोव्हेंबर ते मार्चचा जर्मन पगारही भारतातल्या विवरणपत्रात दाखवावा लागेल. भारत-जर्मनी करारामुळे तिथे भरलेल्या कराची वजावट मिळते, पण ती मागावी लागते.

यातली एक बारीक गोष्ट जोडप्यांच्या लक्षात येत नाही. ही १८२ दिवसांची सवलत नोकरीसाठी निघालेल्याला आहे. नुसती सोबत निघालेल्या जोडीदाराला सर्वसाधारण नियम लागतो: त्या वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात काढले असतील तर ती निवासी. म्हणजे एकाच विमानाने ऑगस्टमध्ये निघालेल्या नवरा-बायकोंत तो अनिवासी आणि ती निवासी ठरू शकते. तिने डिसेंबरमध्ये तिथे नोकरी धरली, तर त्या पगाराची नोंद तिला भारतात करावी लागेल. दोघांचे हिशेब वेगवेगळे मांडावे लागतात, आणि सीएकडे दोघांनीही बसावं.

बँकेचा नियम पुन्हा वेगळ्या कायद्याचा, परकीय चलनाच्या फेमा कायद्याचा. नोकरीसाठी बाहेर गेल्यावर साधं बचत खातं तसंच चालवायचं नसतं. बँकेला कळवून ते एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करून घ्यावं लागतं. आधीचं पीपीएफ खातं बंद करायची गरज नाही, ते मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं. नवीन मात्र उघडता येत नाही.

पेन्शनसाठी कापलेले पैसे बुडतात, असंही बोललं जातं. भारत आणि जर्मनी यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार आहे, मे २०१७ पासून तो व्यापक स्वरूपात लागू झाला. भारतीय कंपनीने पाठवलं असेल आणि ईपीएफओकडून कव्हरेज सर्टिफिकेट घेतलं असेल तर ठरावीक काळापर्यंत तिथली पेन्शनची कपात टळते आणि आपला पीएफ चालू राहतो. अमेरिकेशी असा करार नाही. तिथे पगारातून ६.२ टक्के सोशल सिक्युरिटीत जातात आणि पेन्शनचा हक्क साधारण दहा वर्षांच्या कामानंतर मिळतो. मामेभावाची तक्रार खरी होती, ती अशी.

तिथे बाळ झालं तर ते जर्मन नागरिक होईल, या आशेवर काही आजी-आजोबा फार पुढचे विचार करतात. जर्मनीत केवळ जन्मामुळे नागरिकत्व मिळत नाही. आई किंवा वडील किमान पाच वर्षं तिथे कायदेशीर राहत असावेत आणि त्यांना कायमच्या वास्तव्याचा हक्क असावा, अशी अट आहे. जून २०२४ पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. दोन वर्षांसाठी गेलेल्या जोडप्याचं बाळ भारतीयच असतं. पण त्यासाठी जन्मापासून एका वर्षाच्या आत आपल्या वकिलातीत, म्हणजे बर्लिन, फ्रँकफर्ट, हॅम्बुर्ग किंवा म्युनिकला, नोंदणी करावी लागते. पहिल्या बाळंतपणाच्या गडबडीत ही मुदत सहज निसटते, आणि मग थेट केंद्र सरकारची परवानगी लागते.

सामान भरताना आईने दिलेला साजूक तुपाचा डबा आणि पेढे मात्र घरीच ठेवावेत. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत, घरचे असले तरी. आंब्याला रोपरोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. गोडा मसाला, मेतकूट, चटण्या खुशाल न्याव्यात. आपला वाहन परवाना तिथे राहायला लागल्यापासून सहाच महिने चालतो. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते.

परतीच्या वेळी पत्त्याची नोंद रद्द करणं, ‘आबमेल्डुंग’, विसरू नये, नाहीतर रेडिओ-टीव्हीच्या शुल्काची बिलं रिकाम्या घरी येत राहतात. स्थानिक करारावर असताना पाच वर्षांपेक्षा कमी काळ पेन्शन भरली असेल, तर युरोपीय संघ सोडल्यावर २४ महिन्यांनी कर्मचाऱ्याचा हिस्सा परत मागता येतो. अर्ज दोघांनी आपापला करायचा, कारण तिने तिथे नोकरी केली असेल तर तिचेही पैसे त्यात आहेत. पगाराच्या पावत्या आणि विमा क्रमांकाचं पत्र तोपर्यंत जपून ठेवावं, आणि भारतात उतरल्यावर एनआरओ खाती पुन्हा साधी करून घ्यावीत.