बोटीवरचा नियम गावच्या विहिरीलाही लावा

उसाला आणि फळबागेला आपण जे लाल पोटॅश टाकतो, ते जवळजवळ सगळे परदेशातून येते. कॅनडा, रशिया, जॉर्डन अशा देशांतून ते बोटीत भरले जाते. गोण्यांत नव्हे, मोकळेच; आपण ट्रॉलीत मुरूम भरतो तसे. मध्यम आकाराच्या एका बोटीत ५० हजार टन माल मावतो. म्हणजे ५० किलोच्या १० लाख गोण्या झाल्या! आपली साखरही अशीच जाते. २०२१-२२ च्या हंगामात देशातून १०० लाख टनांहून जास्त साखर बाहेर गेली, त्यातली कच्ची साखर बरीचशी मोकळी भरूनच गेली.

आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही. मग बोटीची माहिती आपल्याला कशाला, असे कोणी म्हणेल. पण या बोटींवर जीव वाचवण्याचा एक नियम पाळतात, तो आपल्या गावोगावी लागू आहे. तो समजण्यासाठी आधी तिथले काम कसे चालते ते पाहू.

धक्क्याला लागलेली बोट

बोट बंदरात आली की खलाशांना विसावा मिळत असेल, असा आपला समज. प्रत्यक्षात कामाचा खरा रेटा तिथेच सुरू होतो. एवढ्या मोठ्या बोटीवर माणसे असतात अवघी वीस-पंचवीस. माल उतरायला लागला की काम रात्रंदिवस चालते. २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती द्यावी, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पण बंदरात ती झोप सलग मिळणे अवघडच.

मालाची जबाबदारी मुख्य अधिकाऱ्याची. बोटीच्या पोटात माल भरायचे पाच-सात खोल कप्पे असतात, त्यांना होल्ड म्हणतात. कोणत्या होल्डमधून किती माल आधी काढायचा, हे त्याला ठरवावे लागते. बैलगाडी उलाळ झाली किंवा धुरजड झाली तर काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. बोटीचेही तसेच. एकच होल्ड रिकामा केला आणि बाकीचे भरलेले ठेवले तर बोटीच्या कण्यावर ताण येतो. म्हणून माल निघेल तसे टाक्यांत समुद्राचे पाणी भरून तोल सांभाळतात. बोटीला वजनकाटा नसतो. पुढे, मध्ये आणि मागे, दोन्ही अंगांना आकडे रंगवलेले असतात. बोट पाण्यात किती बुडाली ते त्या सहा ठिकाणी वाचून मालाचे वजन काढतात.

तेवढ्यात आभाळ भरून आले की पळापळ होते. खत आणि साखर भिजून चालत नाही. होल्डवरची अवजड लोखंडी झाकणे ताबडतोब लावावी लागतात आणि काम थांबते. शेवटी तळाशी राहिलेला माल क्रेनच्या पंजाला येत नाही. मग लोडर आत सोडतात, धक्क्यावरचे कामगार फावडी घेऊन उतरतात. त्यानंतर पुढच्या मालासाठी खलाशी होल्ड झाडून-धुऊन घेतात. हे आत उतरण्याचे कामच जिवावरचे आहे.

होल्डमधली हवा

आपल्या श्वासाच्या हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. बंद होल्डमध्ये दगडी कोळसा, भंगार लोखंड, लाकडाचे ओंडके किंवा तेलबियांची पेंड असेल तर तो माल हा प्राणवायू हळूहळू खाऊन टाकतो. धान्याला कीड लागू नये म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात, त्यांचा विषारी वायूही आत साठतो. याच गोळ्या आपल्याकडेही धान्य साठवणुकीत वापरल्या जातात, त्या राहत्या घरात कधीही ठेवू नयेत.

प्राणवायू कमी असला तरी तो डोळ्याला दिसत नाही, नाकाला कळत नाही. माणूस शिडीने उतरतो आणि ओरडायच्या आत कोसळतो. वरचा सोबती ते पाहतो, त्याला वाचवायला धावत उतरतो आणि तोही पडतो. मग तिसरा. बोटींवरच्या अशा अपघातांत वाचवायला गेलेल्यांचे बळी वारंवार गेले आहेत.

म्हणून बोटीवर नियम आहे. आधी झाकणे उघडून हवा खेळू द्यायची. यंत्राने वर, मध्ये आणि तळाशी हवा तपासायची. लेखी परवाना झाल्याशिवाय कोणी उतरायचे नाही. दारावर एक माणूस उभा राहील. आत कोणी पडला तर तो स्वतः उतरणार नाही, फक्त इशारा देईल. श्वासाचे नळकांडे लावलेली पथकाची माणसेच आत जातील. १ जानेवारी २०१५ पासून दर दोन महिन्यांनी याची तालीम घेणे सक्तीचे आहे.

वाकडीची आठवण

आता आपल्याकडे पाहा. ९ एप्रिल २०२४, गुढीपाडव्याचा दिवस. नेवासा तालुक्यातील वाकडी येथे गोबरगॅसची रबडी सोडलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडले. त्याला काढायला एक जण उतरला. त्याला वाचवायला दुसरा, मग पुढचा. सहा जण आत गेले, पाच दगावले. ज्याच्या कमरेला दोर बांधला होता तो एक वाचला.

कोणीही वेडेपणा केला नव्हता. आपला माणूस डोळ्यांसमोर बुडताना कोण उभा राहील? पण अशा खड्ड्यात माया उपयोगी पडत नाही, आधी ठरवलेला नियमच उपयोगी पडतो.

गावाने काय करावे

रबडीची विहीर, गोबरगॅसची टाकी, सेप्टिक टँक यांत उतरूच नका. रबडी पंपाने बाहेरूनच उपसा. दिवा सोडून हवा पाहण्याची जुनी रीत इथे घातक आहे. गोबरगॅस पेट घेतो आणि सडका वास येणारा विषारी वायू दिव्याने कळत नाही. तो वायू जास्त असला की नाकाला वासही येईनासा होतो.

सरपंच आणि ग्रामसेवक यांनी गावातील अशा विहिरींची यादी करावी, त्यांवर जाळी किंवा झाकण बसवावे, पाटी लावावी. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टँकच्या सफाईसाठी उतरवणे गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्या. ११२ आणि अग्निशमन दलाचा १०१ हे क्रमांक पाटीवर ठळक लिहा. जवळच्या नगरपालिकेच्या अग्निशमन केंद्राचा थेट क्रमांकही लिहून ठेवा.

आत कोणी पडलाच तर आरडाओरड करा, फोन लावा, तो शुद्धीत असेल तर वरून फास केलेला दोर सोडा. पण मागोमाग उतरू नका. पुढच्या ग्रामसभेत दहा मिनिटे या विषयाला द्या आणि कोणी दोर आणायचा, कोणी फोन करायचा, कोणी लोकांना अडवून धरायचे, हे नावानिशी ठरवून टाका.